जॉर्ज इन नेमकी कुणाची?

लंडनच्या साउथवर्क भागातल्या जॉर्ज इन या जुन्या सराईचा फोटो सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. खाली मजकूर: 'शेक्सपिअर याच सज्जात बसून पीत असे. एकाच घराण्याने ही सराई पिढ्यान्‌पिढ्या जपली. आज ती ब्रिटिश सरकारच्या मालकीची आहे.' फोटो खरा आहे, मजकूर नाही.

शेक्सपिअरचं चटकन उरकू. तो वारला 1616 मध्ये. साउथवर्क जळालं 1676 मध्ये, आणि हे सज्जे त्यानंतरच्या वर्षी उभे राहिले. त्याच जागी आधीही याच नावाची सराई होती, त्याची नाटकं होत ते ग्लोब थिएटरही फार लांब नव्हतं. तो तिथे गेलाही असेल. या सज्जात मात्र नाही.

घराण्याच्या गोष्टीत खरी गल्लत आहे ती मालक आणि भाडेकरू यांची. ज्यांच्याकडे बोट दाखवलं जातं त्या मरे मायलेकींनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून 1930 च्या दशकापर्यंत सराई चालवली. चालवली, एवढंच. जागा त्यांची कधीच नव्हती. 1849 मध्ये ती शेजारच्या गायज हॉस्पिटलने घेतली होती आणि 1874 मध्ये ग्रेट नॉर्दर्न रेल्वे या खासगी कंपनीला विकली. रेल्वेला सराईत कसला रस! तिला हवी होती मालाच्या गोदामासाठी जागा. रेल्वेमुळेच घोड्यांच्या टपालगाड्या बंद पडून अशा सराया ओस पडल्या होत्या, आणि आता त्यांचं अंगणही रेल्वेच्याच ताब्यात गेलं. 1889 मध्ये इमारतीच्या दोन बाजू पाडल्या गेल्या, दक्षिणेची तेवढी उरली. म्हणजे 'पिढ्यान्‌पिढ्या जपली' म्हणतात त्याच काळात मालकाने बहुतेक सराई जमीनदोस्त केली होती, आणि उरलेल्या भागात भाडेकरू बाई गिऱ्हाईक सांभाळत होत्या. कौतुक करायचंच तर त्यांच्या चिकाटीचं करा.

आता सरकार. 1923 मध्ये रेल्वे कंपन्यांचं विलीनीकरण झाल्यावर मालकी लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेकडे आली आणि तिने 1937 मध्ये ही वास्तू नॅशनल ट्रस्टला देऊन टाकली. नाव सरकारी वाटलं, तरी ही 1895 पासूनची धर्मादाय संस्था आहे. बिअरचे ग्लास भरणं हेही ट्रस्टचं काम नाही; सराई भाडेपट्ट्याने ग्रीन किंग या मद्यकंपनीकडे आहे. आणि ती कंपनी 2019 मध्ये हाँगकाँगच्या सीके ॲसेट या उद्योगसमूहाने विकत घेतली.