पुन्हा तेच हायड्रोजन किट!

बॉनेटखाली पाण्याची बरणी, त्यात स्टीलच्या पट्ट्या, वर येणारे बुडबुडे, की झालं, मायलेज वाढलं! दरवेळी कुणीतरी हेच घेऊन येतं आणि दरवेळी माझं डोकं फिरतं. अहो, पाणी फोडून हायड्रोजन काढायला लागणारी वीज येते कुठून? अल्टरनेटरमधून, म्हणजे गाडीतल्या वीज बनवणाऱ्या यंत्रातून. त्याला फिरवतं कोण? इंजिन. इंजिनला काय लागतं? पेट्रोलच ना!

हिशेब करा. पेट्रोलमधल्या 100 भाग ऊर्जेतून इंजिन साधारण 30 भाग काम काढतं. अल्टरनेटरमधून जेमतेम 18 निघतात, पाणी फोडताना 11 उरतात, आणि तो गॅस पुन्हा इंजिनात जाळला की हाती येतात 3. थेट चाकांना दिले असते तर तेच 30 होते!

अमेरिकेतल्या स्टॅन्ली मायरच्या ‘पाण्यावर चालणाऱ्या’ गाडीला तिथल्याच ओहायो राज्याच्या न्यायालयाने 1996 सालीच फसवणूक ठरवलं. तरी धंदा चालूच.

सगळ्यात संताप येतो तो किटसोबत येणाऱ्या चिपचा. ती ऑक्सिजन सेन्सरचा (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या भागाचा) सिग्नल बदलते, म्हणून इंजिनात पेट्रोल कमी जातं आणि श्रेय मिळतं हायड्रोजनला. पेट्रोल-हवेचं मिश्रण असं पातळ केलं की धुरात नायट्रोजन ऑक्साइड हे प्रदूषक वायू वाढतात, इंजिनही नीट पेटेनासं होतं. वर बरणीत बहुधा कॉस्टिक पोटॅश असतं, कातडी भाजणारं. ते सांगायला मात्र कुणी तयार नसतं!