परीक्षा आणा, पण स्पर्धा परीक्षा आणू नका

पूल पडला की आपल्याकडच्या मागण्या ठरलेल्या असतात. ठेकेदाराला अटक करा, अधिकाऱ्याला निलंबित करा, सगळ्या पुलांचं स्ट्रक्चरल ऑडिट करा. अलीकडे त्यात एकीची भर पडली आहे: अमेरिकेसारखी इंजिनिअरांची लायसन्सची परीक्षा घ्या. २०२५ साली व्यावसायिक अभियंत्यांच्या नोंदणीसाठी विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला झाला, तेव्हापासून सोलापुरातल्या माझ्या वर्गमित्रांत हा विषय सारखा निघतो. सीएंना १९४९ चा कायदा, वकिलांना १९६१ चा, आर्किटेक्टना १९७२ चा, आणि इंजिनिअरांना देशपातळीवर काहीच नाही. तक्रार खरी आहे. मग कुणीतरी म्हणतं, "तू तिकडं दिलीयस की ती परीक्षा. सांग की कशी असते."

सांगतो. पण पेपरापेक्षा पेपर देऊन बाहेर पडलेल्या माणसाबद्दल जास्त सांगण्यासारखं आहे, कारण आपल्याकडची चर्चा मला तिथेच भरकटलेली वाटते.

मी ह्यूस्टनला असतो. इथली परीक्षा म्हणजे पीई, प्रोफेशनल इंजिनिअर. संगणकावर आठ तास, ऐंशी प्रश्न. राज्यांच्या लायसन्स मंडळांची एनसीईईएस नावाची संस्था ती घेते. बहुतेक राज्यांत लायसन्स हातात पडायला पदवीनंतर चार वर्षांचं काम लागतं, त्यामुळे परीक्षेला बसलेला माणूस बहुतेक वेळा आपल्या स्पर्धा परीक्षेच्या पोरांसारखा नसतो. काहींची कानशिलं पांढरी झालेली असतात, घरी मुलं असतात, आणि बऱ्याचदा ऑफिसात 'डेंटिस्टकडे जातोय' सांगून सुट्टी घेतलेली असते. सोलापुरात पोरगं परीक्षेला निघालं की गल्लीला ठाऊक असतं, शेजारच्या काकू दही-साखर घेऊन येतात. इथे बायकोलाच काय ते ठाऊक. नापास झालो तर कुणाला कळायला नको, हा हिशेब.

२०२२ च्या आधी सिव्हिलचा पेपर कागदावर व्हायचा, एप्रिलात आणि ऑक्टोबरात. पुस्तकं न्यायला परवानगी होती, म्हणून लोक चाकांच्या बॅगा ओढत यायचे. आता तुमची तारीख तुम्ही ठरवायची. केंद्रात खिसे उलटे करून दाखवायचे, चष्मा काढून तपासायला द्यायचा, तळहाताच्या शिरांचं स्कॅनिंग करायचं आणि आत जायचं. सूत्रांचं हँडबुक आणि बांधकामाचे नियम (कोड) पडद्यावरच, पीडीएफमध्ये.

पेपराचा खरा त्रास अवघड प्रश्नांचा नसतो. तुम्ही गणित सोडवता, उत्तर येतं, चार पर्यायांत ते असतंही, आणि तिथेच शंका सुरू होते. कारण चुकीचे पर्याय सहसा होणाऱ्या चुकांमधूनच बनवलेले असतात. फुटाचे इंच करायचे राहिले तर येणारं उत्तर एका पर्यायात, दोनने भागायचं राहिलं तर येणारं दुसऱ्यात. आपण न्यूटन आणि मिलिमीटरवर वाढलेली माणसं. किप (हजार पौंडांचं एकक) आणि फूट डोक्यात कायम पाहुण्यासारखे राहतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून शेवटच्या अर्ध्या तासात खुणा करून ठेवलेले प्रश्न एकेक करून अंदाजाने भरायचे. बरं, ऐंशीतले काही प्रश्न गुणांत धरतच नाहीत, पुढच्या पेपरांसाठी आजमावून बघतात. कोणते, ते सांगत नाहीत.

बाहेर आल्यावर माणूस गाडीत बसतो आणि गाडी सुरू करत नाही. मी ज्यांना ज्यांना विचारलं ते बहुतेक जण हेच सांगतात. आणि सगळ्यांचा पहिला शब्द "गेलं". जे पुढे पास झाले त्यांचाही. सुटलेले प्रश्न दारातून बाहेर पडेपर्यंत विसरलेले असतात, न सुटलेले मात्र आकड्यांसकट आठवतात. आठ तासांनंतर डोक्यात तेवढाच पेपर उरतो. निकाल आठ-दहा दिवसांनी येतो. तोवर कामाच्या मीटिंगमध्ये बसून टेबलाखाली मेल बघायची, रात्री दोनला उठून तो रिटेनिंग वॉलचा प्रश्न पुन्हा मांडून बघायचा.

पुन्हा मांडायचा, पण कुणाला दाखवायचा नाही. प्रश्न बाहेर फोडणार नाही अशी कबुली आधीच घेतलेली असते, आणि ती मोडली तर निकाल रद्द होऊ शकतो. म्हणून परीक्षा दिलेले दोन जण भेटले तर बोलण्यासारखी एकच गोष्ट शिल्लक राहते: कसं वाटलं.

गेल्या दिवाळीत सोलापुरातला माझा भाचा फोनवर हे ऐकून चक्रावलाच.

"मामा, आन्सर की कधी येते?"

"येतच नाही."

"मग ऑब्जेक्शन कशावर घ्यायचं?"

"घेत नाहीत."

"कट-ऑफ?"

"सांगत नाहीत. पास किंवा नापास. नापास झालास तर कुठल्या विषयात किती कच्चा, त्याचा तक्ता देतात."

"आणि लोक गप बसतात होय?"

भाच्याचा प्रश्न रास्त आहे. तो राज्यसेवेचा अभ्यास करतो. एमपीएससी उत्तरतालिका लावते, हरकती मागवते, मग अंतिम तालिका काढते. २०२३ च्या फेब्रुवारीत वर्णनात्मक पद्धत पुढे ढकलावी म्हणून पोरं पुण्यात रस्त्यावर बसली आणि ती पद्धत २०२५ वर गेली. उमेदवाराने परीक्षा घेणाऱ्याला जाब विचारायचा, ही सवय आपल्याकडे आहे आणि ती चांगली आहे. इथल्या उमेदवाराला ती नाही. ऐंशीतले किती बरोबर आले की पास, हे त्याला जन्मात कळत नाही.

तरी तो गप का बसतो? कारण या परीक्षेत जागा नसतात. शंभर बसले आणि शंभर जण पातळी गाठणारे निघाले तर शंभर पास. माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा माणूस माझ्यापेक्षा हुशार असला तर माझं काही जात नाही. अर्ध्या मार्काने कुणी माझ्यापुढे जात नाही, त्यामुळे त्या अर्ध्या मार्कासाठी कोर्टात जायची वेळ येत नाही. नापास झालो तर पुन्हा बसायचं. साधारणपणे बारा महिन्यांत तीन वेळा बसता येतं. वयाची अट नाही, 'शेवटची संधी' नावाचं भूत सहसा मानगुटीवर नाही. त्या गाडीत बसलेल्या माणसाला वाईट वाटतं, पण त्याचं आयुष्य त्या दिवशी अडून राहत नाही. भाच्याचं राहतं. दोघंही "गेलं" म्हणतात, आणि दोघांच्या म्हणण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मसुद्याच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्या मित्रांना हे पटवता पटवता घसा कोरडा पडतो. त्यांच्या डोळ्यांसमोर गाळणी आहे. "इंजिनिअर फार झालेत, परीक्षा लावा, दहा टक्केच वर काढा." असं झालं तर वर्षभरात सात रस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंत फाउंडेशन बॅचचे फलक लागतील, टॉपरचे फोटो लागतील, आणि पूल आहेत तसेच राहतील.

इथे अमेरिकेत लायसन्सचा कायदा गाळणीसाठी आला नव्हता. १९०७ साली वायोमिंगने पहिला कायदा केला, तो पाण्याच्या हक्कांच्या अर्जांसोबतचे नकाशे वकील आणि नोटरीसुद्धा सही करून देत होते म्हणून. आमच्या टेक्सासात १८ मार्च १९३७ ला न्यू लंडन गावच्या शाळेत गॅस साठून स्फोट झाला, जवळपास तीनशे मुलं-शिक्षक गेले, आणि त्याच वर्षी इंजिनिअरांच्या नोंदणीचा कायदा झाला. लोकांना उत्तर हवं होतं: जबाबदार कोण?

अर्थात लायसन्स असलं म्हणून इमारत पडत नाही असं नाही. १७ जुलै १९८१ ला मिझुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात छताला टांगलेले दोन पादचारी मार्ग कोसळले आणि ११४ माणसं मेली. मूळ नकाशात छतापासून एकच लांब सळई दोन्ही मार्गांतून खाली जात होती. ती बनवायला कटकटीची, म्हणून तिचे दोन तुकडे झाले: वरचा मार्ग छताला टांगला, खालचा मार्ग वरच्या मार्गाच्या तुळईला. झालं एवढंच, की वरच्या तुळईखालच्या नटावर एकाऐवजी दोन मार्गांचं वजन आलं. हे पहिल्या वर्षाच्या मेकॅनिक्सचं गणित आहे, सोलापुरातलं कुठलंही पोरगं पाच मिनिटांत सोडवेल. लायसन्सवाल्यांनी ते सोडवलंच नाही. मात्र नकाशांवर लायसन्सचा शिक्का कुणाचा, हे शोधावं लागलं नाही. दोन इंजिनिअरांची मिझुरीतली लायसन्सं गेली.

आपल्याकडे सह्या नाहीत असं नाही. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत स्ट्रक्चरल इंजिनिअरची नोंदणी आहे. पदवी आणि अनुभव बघून ती होते. पण सही म्हणजे फाईल पुढे सरकवायचा एक कागद, ही समजूत गावोगाव पक्की आहे. नकाशा एकाचा, गणित दुसऱ्याचं, सही तिसऱ्याची, आणि स्लॅबच्या दिवशी साइटवर मिस्त्रीशिवाय कुणी नाही. सळयांभोवतीच्या रिंगा सहा इंचांवर हव्यात की आठ, हे तोच ठरवतो. मुंबईत सीएसएमटीसमोरचा पादचारी पूल १४ मार्च २०१९ ला पडला, त्याचं ऑडिट झालेलं होतं आणि तो वापरायला योग्य ठरलेला होता. ऑडिट करणाऱ्याला अटक झाली. अटक हवीच, पण सही करणाऱ्याला सहीच्या आधी धाक वाटायला हवा. पोलीस येतात ते नंतर.

हा धाक परीक्षेतून येतो का? थोडा. आठ तास बसून, "गेलं" म्हणून, दहा दिवस आपल्याला काय येत नाही याची उजळणी केलेला माणूस पुढचे काही महिने तरी प्रत्येक आकडा दोनदा तपासतो. मग सवय होते आणि तो सैलावतो, हेही मी बघितलंय. शिवाय इथले बहुतेक इंजिनिअर ही परीक्षा देतच नाहीत. कारखान्यातल्या आणि सॉफ्टवेअरमधल्या माणसांना तिची गरज पडत नाही. लोकांच्या जिवाशी गाठ असलेल्या कामावर शिक्का मारायचा असेल त्यानेच द्यायची. मसुद्याबद्दल माझं म्हणणं तेवढंच आहे: आधी काम करू द्या, मग परीक्षा घ्या, क्रमांक लावू नका, आणि कुठल्या इमारतीवर कुणाची सही आहे हे कुणालाही बघता येऊ द्या.

सगळ्यात मोठं भांडण जुन्या लोकांवरून होणार, हे मला आमच्या दाजींकडे बघून कळतं. होटगी रोडला त्यांचं ऑफिस आहे. १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ते नवखे होते, पुढे महिनाभर लोकांच्या घरातल्या भेगा बघत फिरत होते. "मला ऐंशी प्रश्न विचारणार? या वयात?" असं ते म्हणाले तेव्हा भाचा हसला, मी नाही हसलो. अमेरिकेतल्या राज्यांनीही कायदा केला तेव्हा आधीपासून काम करणाऱ्यांना विनापरीक्षा आत घेतलं होतं. दाजींनाही घ्यावं, असं माझं मत आहे. फक्त त्यांच्या नावाने आज कोण कोण सह्या घेऊन जातं, ते आधी त्यांनी मला सांगावं.