सिम बदललं म्हणून नंबर जात नाही, तो मेसेज पुढे पाठवू नका

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय, मला एकट्यालाच चार ग्रुपवर आलाय. त्यात लिहिलंय की नंबर सिमच्या चिपमध्ये असतो म्हणून सिम तुटलं किंवा हरवलं की नंबर कायमचा गेला, नवीन सिम म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप आणि कॉन्टॅक्ट सगळे गेले, कंपनी बदलायची तर आधी जुनं सिम बंद करून घ्या, ईसिम (प्लास्टिकच्या कार्डाशिवाय फोनमध्येच असणारं सिम) घेऊच नका, आणि सिम खिशात आहे तोवर नंबर सेफ आहे. हे वाचून माझ्या मावशीने तडा गेलेलं सिम मागून चिकटपट्टीचा तुकडा लावून सहा महिने चालवलं. फोन जरा हलला की स्क्रीनवर 'नो सिम', मग ट्रे काढा, पुसा, परत घाला. डॉक्टरांचा रिपोर्टसाठी फोन येत होता तो दोन दिवस लागलाच नाही, तेव्हा कुठे तिने मला सांगितलं की नंबर जाईल म्हणून बदलत नव्हते. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

"नंबर चिपमध्ये असतो." नसतो. सिममध्ये कामाच्या दोन गोष्टी असतात, एक साधारण १५ आकडी ओळख जिला आयएमएसआय म्हणतात आणि दुसरी एक गुप्त किल्ली. फोन चालू केला की नेटवर्क सिमला एक रँडम आकडा पाठवतं, सिम त्या किल्लीने त्याचं उत्तर काढून देतं, कंपनीकडे तीच किल्ली असते ती पण तेच गणित करते, आणि उत्तर जुळलं की तुम्हाला आत घेतलं जातं. किल्ली कार्डाच्या बाहेर कधी येतच नाही. आणि ह्या सगळ्यात तुमचा फोन नंबर कुठेच लागला नाही बघा. नंबर असतो कंपनीच्या डेटाबेसमध्ये, एका नोंदीत, की ही ओळख म्हणजे हा नंबर. नवीन सिम देताना कंपनी फक्त ती नोंद बदलते, जुन्या ओळखीवरून नंबर काढून नव्या ओळखीला लावते, म्हणून तर नवीन सिम चालू झालं की जुन्याचं नेटवर्क आपोआप जातं.

इथे काहीजण म्हणतात की अहो सेटिंगमध्ये सिमच्या खाली माझा नंबर दिसतो की. दिसतो, कारण सिममध्ये 'माझा नंबर' म्हणून एक छोटी जागा असते, पण ती नुसती चिठ्ठी आहे, बऱ्याच फोनवर ती तुम्ही स्वतः बदलू शकता. तिथे चुकीचा नंबर टाकला तरी कॉल तुमच्या खऱ्या नंबरवरूनच जातो, आणि काही सिमवर ती जागा कोरीच असते.

मग "सिम तुटलं की नंबर गेला" हे आपोआपच पडतं. सिमचा पिन तीनदा चुकला की सिम लॉक होतं, मग ते उघडायला पीयूके नावाचा ८ आकडी कोड लागतो, तो १० वेळा चुकला की कार्ड कायमचं बाद, पण तेव्हाही बाद होतं ते कार्ड. नंबर कंपनीकडे तसाच असतो, ओळखपत्र दाखवून दुसरं कार्ड घ्यायचं. नंबर खरंच जातो तो वेगळ्या कारणाने, खूप दिवस वापर नाही, रिचार्ज नाही किंवा बिल भरलं नाही, की कंपनी कनेक्शन बंद करते आणि काही काळाने तोच नंबर दुसऱ्या माणसाला देते. म्हणजे बिघडलेलं सिम ड्रॉवरमध्ये टाकून 'बघू नंतर' म्हणणं हाच खरा धोका आहे.

व्हॉट्सअ‍ॅपचं अकाउंट नंबरवर असतं आणि चॅट फोनमध्ये किंवा बॅकअपमध्ये. त्याच फोनमध्ये त्याच नंबरचं नवीन सिम घातलं तर सहसा काहीच करावं लागत नाही. कॉन्टॅक्टबद्दल मात्र मेसेजमध्ये थोडं खरं आहे, जे नंबर तुम्ही सिमवर सेव्ह केलेत ते नव्या सिमवर येत नाहीत. आधी फोनमध्ये कॉपी करून घ्या, कॉन्टॅक्ट अ‍ॅपमध्येच इम्पोर्टचा ऑप्शन असतो. मावशीचे साठेक नंबर सिमवर होते, ते मी फोन जराही न हलवता कॉपी केले.

आता सगळ्यात घातक ओळ, "कंपनी बदलायची तर आधी जुनं सिम बंद करा". असं अजिबात करू नका, हात जोडून सांगतो. पोर्टिंग, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं, होतं ते चालू नंबरचं. आधी नवीन कंपनीकडे जायचं, ते जुनीकडे मागणी टाकतात, आणि नंबर पलीकडे गेला की जुनं कनेक्शन आपोआप बंद होतं. तुम्ही आधीच बंद केलंत तर पोर्ट करायला उरतंच काय? सिंगापूरमध्ये ही सोय १९९७ पासून आहे, अमेरिकेत मोबाइलसाठी २००३ पासून, भारतात २०११ पासून देशभर, तरी ही चूक लोक करतात आणि वीस-वीस वर्षांचा नंबर घालवून बसतात. मधे थोडा वेळ नेटवर्क जातं तेव्हा ओटीपी येणार नाही, सिम बदलल्यावर काही बँकाही थोडा काळ व्यवहार अडवतात, म्हणून मोठं पेमेंट त्या दिवशी ठेवू नका. आणि उरलेला बॅलन्स सहसा नव्या कंपनीत येत नाही, तो संपवून जा.

ईसिमचं थोडक्यात. तिथेही तीच ओळख आणि तीच किल्ली, फक्त प्लास्टिकऐवजी फोनमधल्या चिपमध्ये उतरवलेली. चुकून डिलीट झालं तर कंपनीकडून परत घ्यायचं, नंबर तोच. फोन रीसेट करताना ईसिम ठेवायचं का असं बहुतेक फोन विचारतात, ते वाचून मग बटण दाबा.

"सिम खिशात तोवर नंबर सेफ", ह्याची मला खरंच भीती वाटते. नोंद कंपनीकडे आहे ना, मग तुमच्या नावाने दुसऱ्या कोणी ती बदलून घेतली तर तुमचं कार्ड खिशात राहूनच बंद पडतं आणि ओटीपी त्याला जातात. ऑगस्ट २०१९ मध्ये ट्विटरचे तेव्हाचे सीईओ जॅक डॉर्सी यांच्याच अकाउंटवरून भलतेच ट्विट पडले, कारण मोबाइल कंपनीकडच्या चुकीने त्यांचा नंबर दुसऱ्यांच्या हाती गेला होता आणि तेव्हा एसेमेसने ट्विट करता यायचं. म्हणून सिमवर छापलेला १९-२० आकडी नंबर, पोर्टिंगचा कोड, ओटीपी, ह्यातलं काही फोनवर कोणाला सांगू नका. बाकी सगळ्यांना रेंज आहे आणि तुमच्याच फोनची अचानक गेली, रीस्टार्ट करूनही येत नाही, तर दुसऱ्या फोनवरून लगेच कंपनीला आणि मग बँकेला कळवा.

आणि एक जे त्या मेसेजमध्ये नाहीच, नंबर कोणाच्या नावावर आहे ते आजच बघून घ्या. मावशीचा निघाला काकांच्या नावावर, आणि काका जाऊन चार वर्षं झाली. काकांच्या नावावर तिला सिम द्यायला कंपनीवाले तयार होईनात, बरोबरच होतं त्यांचं, मग मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा, अर्ज, तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला नोंद तिच्या नावावर झाली, नवीन सिम मिळालं, आणि संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा माझ्या स्क्रीनवर अजूनही 'काका' असंच नाव आलं.