पालकांना सर्व काही कळवावे, शिकणे तेवढे सोडून

आपण नाशिकमध्ये एखादी शाळा चालवत असाल, किंवा सहावी ते आठवीच्या एखाद्या तुकडीचे वर्गशिक्षक असाल, तर पालकांना माहिती देण्याचे कर्तव्य आपल्याही मागे लागलेले असणारच. ते टाळता येत नाही. मात्र ते अशा खुबीने पार पाडता येते, की शाळा आपल्याला किती कळवते, या विचाराने पालकाचा ऊर भरून यावा आणि आपले मूल वर्गात काय शिकते आहे याचा मात्र त्याला शेवटपर्यंत पत्ता लागू नये. ही कला मी गेल्या शनिवारी, सातवीतल्या कन्येच्या पालकसभेत, अंबडच्या कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढून, फार जवळून पाहिली. ज्यांना ती अजून साधलेली नाही, त्यांच्या उपयोगासाठी काही गोष्टी लिहून ठेवतो.

सर्वप्रथम एक व्हॉट्सअ‍ॅप गट काढावा आणि त्यावर फक्त शाळेलाच लिहिता येईल अशी सोय करावी. मग त्यात मुक्तहस्ते माहिती ओतावी. शनिवारी रात्री मी आमच्या गटावरचे जूनपासूनचे सारे संदेश बसून वाचले. शुल्काची आठवण, शुल्काची अंतिम आठवण आणि त्यानंतरची नम्र आठवण होती. आषाढीच्या दिंडीसाठी मुलींनी नऊवारी नेसून यावे, हे होते. दिंडीची सेहेचाळीस छायाचित्रे होती, ज्यांपैकी एकेचाळीस व्यवस्थापनाच्या मान्यवरांची होती. आपार या विद्यार्थ्यांच्या ओळख क्रमांकाचे संमतिपत्र तीनदा मागवलेले होते आणि आधारवरचे नाव शाळेच्या नोंदीशी जुळत नसल्याचे दोनदा कळवलेले होते. द्वारका चौकातल्या कोंडीमुळे बस उशिरा येईल, हे तर जवळपास रोजच होते. गणित हा शब्द चार महिन्यांत एकदाच सापडला: ‘उद्या गणिताचे पुस्तक विसरू नये.’ माहितीच्या बाबतीत शाळा कमी पडते, असे म्हणण्याची आता कोणाची छाती होईल?

संदेश रात्री साडेदहानंतर पाठवावा आणि त्यात ‘उद्या’ हा शब्द अवश्य असावा.

प्रगतिपुस्तक हे दुसरे प्रभावी साधन आहे. राज्याने २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले, तेव्हा त्यामागे एक सरळ विचार होता: वर्षाअखेरीच्या एका परीक्षेवर मूल न जोखता ते रोज काय करते, कसे बोलते, प्रयोग कसा करते, कुठे अडते, हे शिक्षकाने टिपत जावे. त्यासाठी दैनंदिन निरीक्षणापासून तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी आणि स्वाध्यायापर्यंत साधने ठरली, आकारिक, म्हणजे शिकता शिकता होणारे, आणि संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटी होणारे, असे दोन भाग झाले, अ-१ पासून इ-२ पर्यंत श्रेणी आल्या आणि वर्णनात्मक नोंदींसाठी ‘विशेष प्रगती’, ‘आवड व छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ असे तीन रकाने आले. शेवटचा रकाना धोकादायक आहे, कारण त्यात चुकून खरे लिहिले, तर पालकाला खरेच काही कळण्याची शक्यता असते. आमच्या शाळेने त्यावर काढलेला तोडगा आदर्श म्हणावा असा आहे. माझ्या मुलीच्या प्रगतिपुस्तकात ‘सुधारणा आवश्यक’ या शीर्षकाखाली सुवाच्य अक्षरात लिहिले आहे, ‘गणितात सुधारणा आवश्यक आहे.’ तर ‘विशेष प्रगती’खाली लिहिले आहे, ‘तो वर्गातील सर्व उपक्रमांत उत्साहाने सहभागी होतो.’ तो! बारा वर्षे आम्ही या मुलीला मुलगी समजून वाढवत आहोत. शेजारच्या इमारतीतल्या मुलाचेही प्रगतिपुस्तक मी मागून आणले. त्याच्या बाबतीत ‘तो’ बरोबर होता, बाकी वाक्य तेच होते आणि ‘उत्साहाने’ हा शब्द आमच्याप्रमाणेच ओळीच्या शेवटी मावला नाही म्हणून तोडलेला होता.

पालकसभा शनिवारी सकाळी ठेवावी आणि सभेच्या खोलीच्या अलीकडे शुल्काचे टेबल मांडावे. हजेरी क्रमांकाने बोलावून दर पालकाला तीन मिनिटे द्यावीत. पालकाला मुलांच्या बाकावर बसवावे, म्हणजे गुडघे छातीशी येतात आणि माणूस आपोआप नम्र होतो. यानंतरचा संवाद कसा असावा, याचा नमुना मी जसाच्या तसा देतो.

“तशी हुशार आहे हो, फक्त गणितात थोडं लक्ष द्या.”

“नेमकं कशात, मॅडम?”

“गणितातच.”

“म्हणजे कुठलं प्रकरण? काय अडतंय तिला?”

“बेसिकच कच्चं आहे.”

“कधीपासून?”

“जूनपासूनच म्हणा ना.”

“मग आम्हाला कळवलं नाहीत?”

“पालकसभा आजच आहे ना!”

मागचे पालक तोवर उठून उभे राहिले होते, म्हणून मीही उठलो.

आता वहीविषयी. वही तपासावी, पण वाचू नये. दोन्ही क्रियांतला हा फरक ज्याला उमगला, त्याला शाळाचालकाचे अर्धे शास्त्र आले. त्या शनिवारी घरी येऊन मी मुलीची गणिताची वही उघडली. मुलगी सेमी-इंग्रजीत आहे, म्हणजे पूर्णांक संख्यांना इंटिजर्स म्हणते. जुलैच्या पहिल्या आठवड्यातले पान होते, मल्टिप्लिकेशन ऑफ इंटिजर्स. उणे चार गुणिले उणे तीन, उत्तर उणे बारा. त्यापुढे लाल शाईची ठसठशीत बरोबरची खूण होती. पुढचे गणित, उणे सात गुणिले उणे दोन, उत्तर उणे चौदा. बरोबर. उणे पाच गुणिले उणे पाच, उत्तर उणे पंचवीस. बरोबर, आणि खाली तारखेसह सही. पुढचे पान उलटले, तिथेही तेच. मी मोजले: सहा पानांवर सतरा चुकीची उत्तरे आणि सतरा लाल खुणा. शेवटच्या पानावर तर ‘अक्षर सुधारा’ असा शेराही होता. म्हणजे अक्षर दिसले होते. अक्षर पाहिले, समास पाहिला, तारीख लिहिली आहे का ते पाहिले, वहीला तपकिरी कव्हर घातले आहे का तेही पाहिले. न पाहिलेले होते ते फक्त गणित.

मुलीला विचारले, तर ती माझ्यावरच चिडली. “बाबा, बरोबर आहेत ती. टीचरनी टिक केलंय.” तिचे काय चुकले? दोन उणे एकत्र आले तर आणखी उणे होणार, असे तिने सातवीत आल्या आल्या मनाशी ठरवले आणि शाळेने चार महिने सतरा वेळा लाल शाईने तिला शाबासकी दिली. मग सत्र परीक्षेत त्याच उत्तरांवर फुल्या आल्या आणि फुल्या का आल्या हे तिला कोणी सांगितले नाही, कारण उत्तरपत्रिका वर्गात दहा मिनिटे दाखवून परत घेतात. त्या घरी देण्यात काय धोका आहे, हे मला आजवर समजलेले नाही. दिंडीची सेहेचाळीस छायाचित्रे माझ्या फोनमध्ये कायमची राहतात; माझ्या मुलीची दीड पानाची उत्तरपत्रिका मात्र गोपनीय दस्तऐवज असते. सातवीला शंभरपैकी चाळीस गुण आकारिक मूल्यमापनाचे असतात. त्या चाळीस गुणांसाठी जुलैपासून काय काय टिपले गेले असेल, त्या नोंदवहीत माझ्या मुलीच्या नावापुढे काय लिहिले असेल, की तिथेही ‘तो’ उत्साहाने सहभागी होत असेल?

स्नेहसंमेलनाच्या नृत्याचा सराव मात्र रोज कळवावा. तिथे चूक झाली तर लोकांना दिसते.

उपरोध आता मला पेलत नाही, म्हणून सरळ लिहितो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे आणि त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्ये लिहिलेली आहेत. पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची उपस्थिती, त्याची शिकण्याची क्षमता आणि शिकण्यातली प्रगती पालकांना सांगणे, हे त्यातले एक कर्तव्य आहे. नऊवारी, शुल्क आणि बस यांचा त्यात उल्लेख नाही. त्याच कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून दुसऱ्या अशैक्षणिक कामाला शिक्षकाला लावता येत नाही. प्रत्यक्षात त्या मॅडमच्या टेबलावर वह्यांच्या शेजारी आपारच्या याद्या होत्या आणि सभा चालू असतानाच कार्यालयातला शिपाई दोनदा येऊन ‘ऑनलाइन माहिती भरून झाली का’, असे विचारून गेला. तुकडीत अठ्ठावन्न मुले आहेत. अठ्ठावन्न वह्या एका मोकळ्या तासाला वाचून होत नाहीत, हे मलाही कळते. म्हणून माझा राग त्या बाईंवर जितका आहे, त्याहून अधिक तो त्यांना अठ्ठावन्न मुले, चार रजिस्टरे आणि दिंडीची छायाचित्रे चढवण्याचे काम देऊन वर वातानुकूलित खोलीत बसलेल्या तुम्हा व्यवस्थापनावर आहे. दोन इमारती उठवायला तुमच्याकडे पैसा आहे, प्रवेशद्वारावर कमान बांधायला आहे, आणि एक जादा शिक्षक नेमायचा म्हटले की तुम्हाला अनुदानाची आठवण होते!

आणि आम्ही पालक तरी काय करतो? मीच चार महिने त्या गटावर अंगठा उमटवत होतो. मुलगी घरी आली की ‘किती पडले’ एवढेच विचारत होतो. वही उघडायला मला ऑक्टोबर उजाडावा लागला, याची लाज मला वाटते, आणि ज्यांनी अजून उघडलेली नाही त्यांना ती वाटायला हवी. पुढच्या वर्षी ही मुले आठवीत जातील. आठवीत आता वार्षिक परीक्षा आहे, तीत नापास झाले तर पुनर्परीक्षा, आणि तीतही नापास झाले तर मूल त्याच वर्गात राहते. तेव्हा शाळा कळवेल, नक्की कळवेल, शिक्क्यासह कळवेल.

रविवारी सकाळी मी मुलीला घेऊन बसलो. कँटीनवाल्या काकांकडे तुझी चार-चार रुपयांची तीन वेळची उधारी आहे आणि काकांनी ती तिन्ही वेळची खोडून टाकली, तर तुझे काय झाले, असे विचारले. “माझे बारा रुपये वाचले,” ती म्हणाली, आणि मग वहीकडे पाहत गप्प झाली. दहा मिनिटेही लागली नाहीत. जुलैमध्ये एक ओळ कळवली असती, ‘उणे गुणिले उणे येथे चुकते आहे’, तर ही दहा मिनिटे मी जुलैमध्येच दिली असती. तुमच्या गटावर तेवढी जागा होती.

वही तिच्या दप्तरात ठेवली आहे. सतरा उत्तरांभोवती मी पेन्सिलीने गोल केले आहेत, तुमच्या लाल शाईला हात लावलेला नाही. सोमवारी ती पुन्हा टेबलावर येईल, तेव्हा या वेळी तपासू नका, वाचा.