डॅमेजचा टब

आमच्या स्टोअरमध्ये मागच्या खोलीत एक निळा टब असायचा. फुटलेलं, गळकं, एक्स्पायर झालेलं, गिऱ्हाइकाने परत आणलेलं, सगळं त्यात. संध्याकाळी वेळ मिळाला की बघू. एका दुपारी मी त्यात झाकण सैल झालेली टॉयलेट क्लीनरची बाटली टाकली. तळाशी ब्लीच सांडलेलं होतं, ते मला दिसलंच नाही. मिनिटभरात नाकात सुया टोचाव्यात तसा वास, डोळ्यांतून घळाघळा पाणी, खोकला थांबेना. एक नवा पोरगा बाटली उचलायला टबात वाकणार, तेवढ्यात हाऊसकीपिंगच्या मावशींनी त्याला कॉलर धरून मागे खेचलं आणि आम्हाला सगळ्यांना बाहेर हाकललं.

ब्लीच आणि टॉयलेट क्लीनरमधलं ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. हवेपेक्षा जड असल्याने तो खाली साचतो, म्हणजे वाकून बघणाऱ्याच्या नाकात आधी. मावशींना हे बाथरूम धुताना एकदा भोवलं होतं म्हणून माहीत. आमच्यापैकी कोणालाही कोणी सांगितलेलं नव्हतं.

दुकानातला घातक कचरा कचऱ्यासारखा दिसतच नाही हो. सकाळी शेल्फवर ऐटीत उभी असलेली बाटली दुपारी टोपण तुटलं की कचरा. आणि तिचं काय करायचं हे ठरवतो कोण? दुकानातला सगळ्यात नवा, सगळ्यात कमी पगाराचा माणूस. तेही दहा सेकंदांत, समोर रांग ताटकळत असताना. मोठ्या कंपन्यांचंही वेगळं नाही. २०१३ साली अमेरिकेत वॉलमार्टने अशाच प्रकरणात गुन्हा कबूल केला आणि आठ कोटी डॉलरच्या वर रक्कम भरायचं मान्य केलं. कर्मचाऱ्यांना नीट शिकवलं नव्हतं, त्यामुळे घातक माल साध्या कचऱ्यात नाहीतर गटारात जात होता.

पण मला खरा राग आहे तो डॅमेज रजिस्टरवर. त्यात एक रकाना असतो: 'कोणाच्या हातून'. बाटली फुटली की तिथे नाव लागतं, आणि मग महिनाअखेरीस बोलणी. याचा परिणाम काय होतो? माणूस गुपचूप बाटली सिंकमध्ये रिकामी करतो आणि रिकामं प्लास्टिक पुठ्ठ्यांखाली दडपतो. मीही केलंय हे, खोटं कशाला बोलू. तो रकाना आहे तोवर भिंतीवर कितीही पोस्टर लावा, माल सिंकमध्येच जाणार.

लेबल वाचायलाही वेळ लागत नाही. तिरप्या लाल चौकटीत नुसती ज्वाळा असेल तर तो माल पेटतो. ज्वाळेखाली गोल असेल तर माल स्वतः पेटेलच असं नाही, पण दुसऱ्याची आग भडकवतो. ही दोन चित्रं घाईत सारखीच दिसतात आणि नेमकी हीच एकमेकांपासून लांब ठेवायची असतात. नेलपॉलिश रिमूव्हरमधल्या ॲसिटोनची वाफ शून्याखाली वीस अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, आणि पोहण्याच्या तलावाची क्लोरीन पावडर दुसऱ्या गटातली. आमच्याकडे दोन्ही शेजारी शेजारी असायचे, कारण दोन्हीची खोकी एकाच मापाची! (आणि आम्हाला दिलेले नायट्राइल रबराचे हातमोजे ॲसिटोनपुढे फार टिकत नाहीत, ही आणखी एक गंमत.)

डिओ संपला म्हणून डबा रिकामा होत नाही. आत ब्यूटेन, प्रोपेनसारखा वायू उरतो. तो डबा पुठ्ठे दाबायच्या मशीनमध्ये गेला तर काय होईल ते सांगायला नको.

परत आलेल्या पॉवर बँकांची तर मला आजही धास्ती वाटते. फुगलेली बॅटरी दिसली की लोक ती अंगठ्याने दाबून बघतात. का बघतात, देव जाणे. आतला एक सेल तापला की शेजारच्याला तापवतो, आणि विझली म्हणून सोडलेली आग काही तासांनी पुन्हा लागू शकते. दाबायची नाही, चार्जिंगला लावून तपासायची नाही. टोकांवर चिकटपट्टी, वाळू भरलेल्या धातूच्या डब्यात ठेवायची आणि पुठ्ठ्यांपासून लांब. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीची तर दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात. ड्रॉवरमध्ये एक चिल्लर नाणं आडवं पडलं तरी पुरे.

बऱ्याच वादावादीनंतर आमच्याकडे आता झाकणाचे वेगवेगळे टब आहेत. ॲसिड एका कोपऱ्यात, ब्लीच दुसऱ्या टोकाला. रजिस्टरमधला तो रकानाही गेला. गंमत म्हणजे रकाना गेल्यावर पहिल्याच महिन्यात डॅमेजच्या नोंदी वाढल्या आणि सुपरवायझर हबकले. त्यांना वाटलं आम्ही जास्त फोडायला लागलो. म्हटलं, साहेब, फुटत तेवढंच होतं, आता कळतंय.

चिकटपट्टी आणि मार्कर टेबलाला सुतळीने बांधून ठेवलेत. तरी महिन्यातून एकदा तो मार्कर बिलिंग काउंटरवर सापडतोच, सुतळीसकट.