‘हळदीची गोळी, अपाय शून्य’: या निरोपातलं खरं किती?

गेले काही महिने कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या मुख्य द्रव्याच्या, गोळ्यांबद्दल एक निरोप फिरतोय. थोडक्यात असा: ‘रोज कर्क्युमिनची गोळी घ्या. सांधेदुखी, मधुमेह, कर्करोग, विस्मरण, सगळ्यावर गुणकारी; हजारो संशोधनांनी सिद्ध. काळी मिरी असलेलीच घ्या, शोषण २००० टक्के वाढतं. हळद माणूस शतकानुशतकं खातोय, म्हणून अपाय शून्य. चालू औषधांबरोबर बिनधास्त घ्या.’

यातल्या बहुतेक वाक्यांत खऱ्याचा थोडा अंश आहे, म्हणूनच तो चटकन पटतो. मी ‘अपाय शून्य’पासून सुरुवात करते, कारण तिथे चूक झाली तर ती यकृताला भोगावी लागते.

हळदीच्या पुडीत कर्क्युमिन आणि त्याची भावंडं मिळून वजनाच्या साधारण ३ टक्के असतात. बाजारातली गोळी बहुधा ९५ टक्के अर्काची असते. म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ४७५ मिलिग्रॅम. तेवढं पुडीतून मिळवायचं तर रोज १५ ग्रॅमच्या आसपास हळद पोटात जायला हवी. इतकी कोण खातं? खाद्यरंग म्हणून कर्क्युमिनची रोजची स्वीकार्य मात्रा शरीराच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम ठरवलेली आहे. ६० किलोच्या माणसाला १८० मिलिग्रॅम. या आकड्यात सावधगिरीचा मोठा वाटा आहे, तो ओलांडला की लगेच इजा होते असं मुळीच नाही. पण जेवणातल्या हळदीच्या अनुभवावर गोळीची हमी देता येत नाही, एवढं यातून दिसतं.

आणि इजा झालेली आहे. औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या संशोधन-गटाने २००४ ते २०२२ या काळातले हळदीच्या गोळ्यांशी जोडलेले १० रुग्ण तपशिलाने मांडले. पाच जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं, एकाचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. दहापैकी सात जणांत एचएलए-बी*३५:०१ हा जनुकप्रकार सापडला. तो आपल्यात आहे की नाही, हे गोळी सुरू करताना आपल्याला ठाऊक नसतं. इटलीने २०२२ मध्ये अशा उत्पादनांच्या वेष्टनावर इशारा छापणं बंधनकारक केलं. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये यकृताच्या इजेबद्दल सावध केलं. गोळ्या घेणाऱ्यांची संख्या पाहता हा धोका विरळाच म्हणायला हवा. पण विरळा म्हणजे शून्य नाही, आणि निरोप शून्य म्हणतो.

आता काळी मिरी. २००० टक्क्यांचा आकडा खरा आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी व्यक्तींना २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरीन (मिरीतलं तिखट द्रव्य) दिलं आणि शोषण तितकं वाढलं. पण नुसतं कर्क्युमिन दिल्यावर रक्तात ते जेमतेम सापडत होतं. जवळजवळ काहीच नसलेल्याची ही वाढ होती. ती होते कशी, हे निरोपात नाही. परका पदार्थ निकामी करून बाहेर टाकण्याचं काम आतड्याच्या आणि यकृताच्या पेशींतली विकरं (एन्झाइम्स) करतात. पायपरीन त्यांना अडवतं. हीच यंत्रणा कितीतरी औषधांचीही विल्हेवाट लावते. फिनायटॉइन (फिट्सवरचं), प्रोप्रानोलॉल (रक्तदाबावरचं), थिओफायलिन (दम्यावरचं) या औषधांची रक्तातली पातळी पायपरीनमुळे वाढल्याचं माणसांवरच्या अभ्यासांत दिसलं आहे. मला सगळ्यात खटकतं ते हेच: ‘रोजच्या खाण्यासारखंच निरुपद्रवी’ आणि ‘वीस पटीने जास्त शोषलं जाणारं’ ही दोन्ही विशेषणं एकाच गोळीला कशी लागतील?

‘हजारो संशोधनं’ हेही मोजायला गेलं तर खरं. त्यातली बरीचशी परीक्षानळीतली आणि उंदरांवरची. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात या सगळ्याचा परखड आढावा आला. कर्क्युमिन अस्थिर आहे, शरीरात फार शोषलं जात नाही, आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना ते फसवतं: स्वतःच चमकतं, अनेक प्रथिनांना चिकटतं, त्यामुळे परिणाम नसतानाही परिणाम दिसतो. शिवाय एका नावाजलेल्या कर्करोग-संशोधकाचे कर्क्युमिनवरचे अनेक निबंध नियतकालिकांना मागे घ्यावे लागले. अल्झायमरच्या ३६ रुग्णांना २४ आठवडे कर्क्युमिन किंवा औषधहीन गोळी दिली. फरक दिसला नाही. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या २५ रुग्णांना रोज ८ ग्रॅम दिलं, तर दोघांत काही परिणाम दिसला, त्यातल्या एकाचा थोडाच काळ टिकला. इतक्या भांडवलावर कर्करोगाच्या रुग्णाला ‘बरं होतं’ असं सांगणं मला क्रूर वाटतं. तो माणूस आशेने वाचत असतो.

मधुमेहाबद्दल एवढंच: काही लहान चाचण्यांत साखर थोडी उतरली आहे. आधीच गोळ्या चालू असतील तर ती नको तितकी उतरू शकते.

गुडघ्यांच्या बाबतीत मात्र निरोपाला त्याचं श्रेय द्यायला हवं. थायलंडमध्ये ३६७ रुग्णांच्या चार आठवड्यांच्या चाचणीत रोज १५०० मिलिग्रॅम अर्क वेदनेवर १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेनच्या तोडीचा ठरला, पोटदुखीची तक्रारही कमी राहिली. ऑस्ट्रेलियातल्या ७० जणांच्या १२ आठवड्यांच्या चाचणीतही दुखणं कमी झालं. एमआरआयमध्ये मात्र सांध्यातली सूज आणि कूर्चा होती तशीच होती. म्हणजे आराम पडतो, झीज भरून येत नाही. ज्यांना वेदनाशामकं सोसत नाहीत त्यांनी डॉक्टरांना सांगून ठरावीक काळ घेऊन पाहणं मला गैर वाटत नाही.

राहिलं ‘चालू औषधांबरोबर बिनधास्त’. न्यूझीलंडच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्या एका रुग्णाची नोंद जाहीर केली: हळदीचं उत्पादन सुरू केल्यावर काही आठवड्यांत आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो, ते सांगणारा आकडा) १० च्या वर गेला. बहुतेक रुग्णांत तो २ ते ३ च्या दरम्यान ठेवायचा असतो. १० म्हणजे कुठेही रक्तस्राव होण्याची भीती. रक्त पातळ करणारी औषधं, अवयव-प्रत्यारोपणानंतरची औषधं, केमोथेरपी चालू असेल, तर ही गोळी स्वतःच्या मनाने घेऊच नये. कर्क्युमिनने पित्ताशय आकुंचन पावतं, म्हणून पित्तखडे असणाऱ्यांनीही. हळदीतल्या ऑक्झलेटमुळे मूतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांनी आणि लोह बांधलं जातं म्हणून रक्तात लोह कमी असलेल्यांनी आधी विचारावं. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांना गोळीचं नाव सांगावं.

सध्या घेत असाल आणि लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, अंगाला खाज, भूक मरणं किंवा न जाणारा थकवा जाणवला, तर गोळी थांबवा आणि यकृताची रक्तचाचणी करून घ्या. नोंदलेल्या रुग्णांत हा त्रास बहुधा गोळी सुरू केल्यावर एक ते चार महिन्यांनी दिसला, म्हणून ‘इतके दिवस तर काही झालं नाही’ यावर विसंबू नका. डॉक्टरांकडे जाताना डबीही बरोबर न्या. तिच्यात मिरीचा अर्क आहे का, हे त्यांना कळायला हवं.