डिझेलमध्ये काडी विझते हे खरे, त्यापुढचे नाही

ट्रॅक्टर आणि लहान शेती-यंत्रे वापरणाऱ्यांमध्ये एक चित्रफीत आणि तिच्यासोबतचा मजकूर हातोहात फिरत असतो. चित्रफितीत वाटीभर डिझेलमध्ये पेटती काडी बुडवली जाते आणि ती चर्रकन विझते. खालच्या मजकुराचा आशय असा: डिझेल पेटत नाही, म्हणून ते कशातही साठवावे, इंजिन चालू ठेवून टाकी भरली तरी बिघडत नाही, रिकामा ड्रम तर पूर्ण निर्धोक, ड्रममधून इंधन काढायला नळी तोंडाने ओढावी किंवा कॉम्प्रेसरची हवा सोडावी, स्थितिक विद्युतेची (घर्षणाने वस्तूवर साचणाऱ्या विजेची) भीती उगाच घातलेली आहे, आणि इंधन म्हणजे दूध नव्हे, ते नासत नाही.

चित्रफीत खोटी नाही, हे आधी मान्य करायला हवे. कोणतेही द्रव इंधन द्रवरूपात जळत नाही. जळते ती त्याची वाफ, तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली तरच. ज्या तापमानाला द्रवाच्या पृष्ठभागावर पेट घेण्याइतकी वाफ जमते त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलसाठी तो शून्याखाली सुमारे 40 अंश सेल्सिअस असतो, तर नेहमीच्या डिझेलसाठी बहुधा 52 ते 55 अंशांच्या वर. म्हणून साध्या तापमानाच्या डिझेलवर काडीला पेटवायला काही सापडत नाही आणि ती बुडून विझते. पण या प्रयोगातले डिझेल थंड आहे, स्थिर आहे, शुद्ध आहे आणि वाटीत सपाट साचलेले आहे. यांतली एकही अट मोडली की प्रयोगाचा निष्कर्ष लागू होत नाही, आणि इंधन साठवताना व भरताना या अटी रोज मोडतात.

सपाटपणाची अट सर्वांत सहज मोडते. तेलाच्या दिव्यातही काडी थेट तेलात बुडवली तर विझते, पण वातीला लावली की दिवा लागतो, कारण वातीवरचा तेलाचा पातळ थर क्षणात तापून त्याची वाफ होते. सांडलेले डिझेल पुसलेला फडका, ड्रमखालचा भुसा, यंत्राजवळ पडलेले वाळलेले गवत, ही सगळी डिझेलची वातच असते. दुसरी पळवाट तुषारांची. फुटलेल्या नळीतून किंवा सैल झालेल्या सांध्यातून दाबाखाली उडणाऱ्या बारीक थेंबांना पेटायला द्रवाचा साठा फ्लॅश पॉइंटपर्यंत तापण्याची गरज नसते. आणि एकदा पेटले की किलोमागे डिझेल जवळजवळ पेट्रोलइतकीच, म्हणजे सुमारे 43 मेगाज्यूल, उष्णता देते. डिझेल पेट्रोलपेक्षा उशिरा पेटते, हे विधान बरोबर आहे. ते पेटत नाही, हे नाही.

इंजिन चालू ठेवून टाकी भरण्याचा सल्ला या मजकुरातला मला सर्वांत घातक वाटतो, कारण इथे डिझेलची बाजू पेट्रोलपेक्षाही लंगडी आहे. ठिणगी किंवा ज्योत नसताना, केवळ तापलेल्या पृष्ठभागामुळे इंधन आपोआप पेट घेते ते तापमान डिझेलसाठी साधारण 210 ते 250 अंशांच्या आसपास असते, पेट्रोलसाठी बहुधा त्याहून अधिक. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग लागत नाही, तो याच गुणामुळे: दाबून तापवलेल्या हवेत इंधन सोडले की ते आपणहून पेटते. ओढकामावरून आलेल्या ट्रॅक्टरच्या एक्झॉस्टचे भाग काहीशे अंशांपर्यंत तापलेले असतात. टाकीच्या तोंडातून ओघळलेले डिझेल तिथवर पोहोचले की काडीची गरजच उरत नाही. ब्रशकटर, फवारणी यंत्र किंवा लहान पंपाच्या पेट्रोल इंजिनात तर सायलेन्सर टाकीपासून वीतभर अंतरावर असतो. यंत्र बंद करावे, पाठीवरून उतरवून जमिनीवर ठेवावे, निदान दहा मिनिटे निवू द्यावे आणि भरून झाल्यावर त्या जागेपासून किमान 3 मीटर दूर नेऊनच सुरू करावे. घाईच्या दिवसात ही दहा मिनिटे जड जातात, हे मान्य. तरी दुसरा मार्ग नाही.

‘कशातही साठवा’ या सल्ल्याने शुद्धतेची अट मोडते, आणि तीही उलट वाटेल अशा रीतीने. समजा, पेट्रोलचा कॅन रिकामा झाला आणि त्यात डिझेल भरायला घेतले. कॅनमध्ये पेट्रोलची वाफ इतकी दाट असू शकते की हवेअभावी ती पेटत नाही. आत येणारे डिझेल ही वाफ शोषून घेते, मिश्रण विरळ होते आणि पेट घेणाऱ्या टप्प्यात येते; त्याच वेळी वाहते डिझेल स्वतःबरोबर विद्युतभार घेऊन येत असते. पेट्रोलने भरताना न पेटलेला कॅन डिझेलने भरताना पेटू शकतो, तो यामुळे. इंधन वाहून नेणारे लोक ही अडचण चांगली ओळखतात. वाटीतल्या काडीने ती दिसणार नाही. शिवाय थोडे पेट्रोल मिसळले तरी डिझेलचा फ्लॅश पॉइंट झपाट्याने खाली येतो, मग ‘डिझेल आहे, काही होत नाही’ या भरवशाला आधार राहत नाही. प्रत्येक इंधनाला स्वतंत्र कॅन, त्यावर ठळक नाव, आणि नरसाळेही वेगळे, एवढी शिस्त पुरते.

याच सल्ल्यातल्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात. जस्ताचा मुलामा दिलेली टाकी पाण्याला उत्तम, डिझेलला नाही. जस्त इंधनातल्या आम्लांशी संयोग पावून साबणासारखा चिकट पदार्थ बनवते आणि तो फिल्टरमध्ये अडकतो. तांब्याची नळी डिझेलचे ऑक्सिडीकरण वेगाने घडवते. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत इंधन ठेवणे तर कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही, कारण ते कोणी तरी, बहुधा लहान मूल, पाणी समजून पिते. इंधनासाठीच बनवलेला कॅनही काठोकाठ भरू नये. तापमान 20 अंशांनी वाढले तर 200 लिटर डिझेल सुमारे सव्वातीन लिटरने आणि तेवढेच पेट्रोल जवळजवळ चार लिटरने फुगते. सकाळी गच्च भरून बूच आवळलेला ड्रम दुपारी उन्हात गळू लागतो, तो झाकणाच्या दोषाने नव्हे. वीस भागांतला एक भाग मोकळा सोडावा.

स्थितिक विद्युत ही उगाच घातलेली भीती, असे म्हणणाऱ्याने एक आकडा ध्यानात घ्यावा. पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण पेटवायला सुमारे पाव मिलिज्यूल ऊर्जेची ठिणगी पुरते. माणसाच्या बोटाला जाणवायला ठिणगी साधारण एक मिलिज्यूलची असावी लागते. म्हणजे ज्या ठिणगीने भडका उडू शकतो ती भरणाऱ्याला जाणवेलच असे नाही, आणि ‘इतकी वर्षे भरतो आहे, कधी झटका बसला नाही’ हा अनुभव खरा असूनही काही सिद्ध करत नाही. इंधन नळीतून, विशेषतः फिल्टरमधून, वाहताना विद्युतभार जमवते. गंधक काढून टाकलेल्या आधुनिक डिझेलमधून तो भार निसटायला आणखी वेळ लागतो, कारण गंधकाबरोबर विद्युतवाहकतेला मदत करणारे घटकही निघून जातात. कॅन ट्रॉलीतल्या प्लास्टिकच्या पत्र्यावर किंवा गाडीतल्या रबरी चटईवर ठेवून भरला तर हा भार जमिनीत जाण्याचा रस्ताच बंद होतो. उपाय फुकटचा आहे: कॅन खाली जमिनीवर ठेवावा, नोझल भरणे संपेपर्यंत तोंडाच्या कडेला टेकलेले असावे, सुरुवात सावकाश करावी. धातूच्या ड्रममधून धातूच्या कॅनमध्ये ओतताना दोन्ही तारेने जोडून घ्यावेत. प्लास्टिकच्या कॅनला तार बांधून मात्र काही साधत नाही. गंमत अशी की, असे मजकूर फिरवणारे बरेच जण इंधन भरताना मोबाइल बंद ठेवायला आवर्जून सांगतात. भरताना लक्ष विचलित होऊ नये म्हणून ते योग्यच आहे, पण मोबाइलच्या लहरींपेक्षा कपड्यांच्या घर्षणातून अंगावर साचलेला भार कितीतरी अधिक खरा धोका आहे.

रिकामा ड्रम निर्धोक असतो, हे विधान साध्या हिशेबात टिकत नाही. हवेत पेट्रोलची वाफ साधारण 1.4 टक्के झाली की मिश्रण पेट घेण्याजोगे होते. 200 लिटरच्या ड्रममध्ये 1.4 टक्के म्हणजे 2.8 लिटर वाफ, आणि तेवढी वाफ तयार व्हायला पंधरा-वीस मिलिलिटर पेट्रोल पुरते. ड्रम उपडा करून शेवटचा थेंब काढला असे आपण म्हणतो तेव्हा कडेच्या घडीत त्याहून जास्त उरलेले असू शकते. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पटींनी जड असल्यामुळे झाकण उघडे ठेवून ती वर उडून जाईल, अशीही आशा नको. ती तळाशी बसते किंवा बाहेर पडून जमिनीलगत पसरत दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. डिझेलच्या ड्रमला हा हिशेब थंड असताना लागू होत नाही, पण त्याची टाकी किंवा कुंडी करण्यासाठी वेल्डिंगची ज्योत किंवा ग्राइंडर लावला की आतला पातळ थर तापतो आणि बंदिस्त जागेत नेमके तेच मिश्रण तयार होते. जुना इंधनाचा ड्रम कापायचा नाही, हा नियम दोन्ही इंधनांना सारखाच लागू आहे.

ड्रममध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडून डिझेल वर चढवण्याची युक्ती दिसायला सुबक आहे. 200 लिटरच्या ड्रमचे झाकण सुमारे 57 सेंटिमीटर व्यासाचे असते. त्यावर अर्धा बार दाब आला, म्हणजे चारचाकीच्या टायरमध्ये असतो त्याच्या चौथाईहून थोडा कमी, तरी झाकणावर एकूण सुमारे तेराशे किलो वजनाइतका जोर पडतो. ड्रम दाब सोसण्यासाठी बनवलेला नसतो. तोंडाने नळी ओढण्याबद्दल एवढेच: पोटात गेलेल्या घोटापेक्षा श्वासनलिकेत गेलेले थोडेसे इंधन जास्त घातक, कारण त्याने फुप्फुसाला गंभीर दाह होतो. असे कधी झालेच तर उलटी करवू नये, कारण उलटीबरोबर ते पुन्हा श्वासनलिकेत शिरते. थेट दवाखाना गाठावा. हाताने फिरवायचा रोटरी पंप असला की या दोन्ही युक्त्यांची गरज उरत नाही. बॅटरीवरचा पंप वापरायचा असेल तर तो कोणत्या इंधनासाठी आहे ते पाहावे. केवळ डिझेलसाठी बनवलेल्या अनेक पंपांच्या मोटारीत आतल्या आत ठिणग्या उडत असतात, त्यांनी पेट्रोल कधीही उपसू नये.

राहिले ‘इंधन नासत नाही’. दूध नासते त्या अर्थाने नाही, पण डिझेलच्या बाबतीत ही उपमा वाटते तितकी दूरची नाही, कारण त्यात खरोखरच सूक्ष्मजीव वाढतात. अर्धवट भरलेल्या ड्रममधली हवा दिवसा तापून बाहेर पडते, रात्री ड्रम थंड झाला की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते, तिच्यातली वाफ थंड पत्र्यावर घामासारखी जमते आणि पाणी जड म्हणून तळाशी साचते. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर जिवाणू आणि बुरशी वाढून काळपट, बुळबुळीत थर तयार होतो. बायोडिझेल मिसळलेले असेल तर ते अधिक पाणी धरून ठेवते आणि ही वाढ सोपी होते. जुन्या इंजिनाने हे बरेचसे पचवले असते; आताच्या कॉमन रेल इंजिनात (ज्यात एका सामायिक नळीतून सगळ्या इंजेक्टरना, म्हणजे इंधन फवारणाऱ्या भागांना, इंधन मिळते) इंजेक्टरपर्यंतचा दाब हजार-दोन हजार बारपर्यंत जातो, तिथे पाण्याचा थेंबही महाग पडतो. पेट्रोलचे दुखणे वेगळे. त्यातले हलके घटक उडून जातात, यंत्र सुरू व्हायला कुरकुर करते आणि उरलेला डिंकासारखा चिकटा लहान यंत्रांच्या कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे बुजवतो. दहा टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल अर्धा टक्का पाण्याच्या आसपास आले की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी वेगळे होतात. वरच्या पेट्रोलचा दर्जा उतरतो आणि यंत्राची नळी बहुधा तळाचाच भाग ओढते. टू-स्ट्रोकचे तेल मिसळलेले पेट्रोल तर हंगामापुरते करून ठेवूच नये. एकास पन्नास प्रमाणात लिटरला 20 मिलिलिटर तेल, एवढेच मोजायचे असते. लागेल तेवढे त्या वेळी करावे.

चांगल्या बंद भांड्यात, सावलीत पेट्रोल तीन ते सहा महिने आणि डिझेल सहा महिने ते वर्षभर नीट टिकते. ड्रमवर भरल्याची तारीख खडूने लिहावी, तो किंचित तिरपा ठेवावा आणि उपसायची नळी तळापासून चार-पाच बोटे वर राहील अशी बसवावी. महिन्यातून एकदा तळाचे थोडे इंधन काचेच्या स्वच्छ बरणीत काढून तासभर स्थिर ठेवले की पाणी खाली वेगळे दिसते, आणि दोन्हींच्या मध्ये काळसर साय दिसली तर तो ड्रम रिकामा करून आतून साफ करेपर्यंत यंत्रात ओतायचा नसतो.